मोठीचा फोटो

पुष्पलताबाईंची सकाळ गळ्यातल्या टाकापासून सुरू व्हायची. आंघोळ झाली की त्या देव्हाऱ्यासमोर उभ्या राहायच्या, काळ्या दोऱ्यात ओवलेला तो चांदीचा, नखाएवढा पत्रा दोन बोटांत धरायच्या आणि त्यावर आधी हळदीचं बोट टेकवायच्या, मग कुंकवाचं. देवांचा नंबर त्यानंतर. पत्र्यावर सोनारानं एक बाई ठोकलेली होती. दोन ठिपके म्हणजे डोळे, एक आडवी रेघ म्हणजे तोंड, खाली त्रिकोणी लुगडं. कोणत्याही सोनाराकडे गेलं असतं तरी हीच बाई मिळाली असती. पण पौनीकरांच्या घरात ही बाई म्हणजे मोठी. ताराचंदांची पहिली बायको.

पुष्पलताबाई दुसऱ्या. मोठी तापात वारली, आणि वर्ष फिरल्यावर त्या या घरात आल्या. दुसरी येते ती पहिलीचा टाक गळ्यात घालूनच येते, ही त्यांच्यातली रीत. ताराचंद गेले तेव्हा मंगळसूत्र उतरलं, कपाळ मोकळं झालं, टाक तेवढा राहिला. तो कुठे नवऱ्याचा होता? मोठी सवाष्ण गेली होती, तिचा कुंकवाचा मान तिच्यापाशी होता. म्हणून विधवा पुष्पलताबाई रोज सकाळी कुंकवाचा करंडा उघडायच्या आणि स्वतःच्या कपाळाकडे न नेता तो पुन्हा झाकून ठेवायच्या.

त्या दिवशी कुंकवाचं बोट अजून टाकावरच होतं, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल दिवाळीपासून बंद होती आणि भूपेश दर आठवड्याला "रविवारी पाहतो" म्हणत होता. भूपेश म्हणजे त्यांचा एकुलता एक लेक, कोर्टात कारकून. आत त्याची बायको हर्षा पोहे परतत होती, आणि नात मयुरी एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होती. थाप ऐकून भूपेशनं मतदार यादीवाले असतील म्हणून आधी सगळ्यांची आधार कार्डं हातात घेतली आणि मग दार उघडलं.

दारात खांद्याला कापडी पिशवी लावलेली एक तरुण मुलगी उभी होती. तिनं आपलं नाव रितिका सांगितलं आणि पुष्पलता ताराचंद पौनीकर इथेच राहतात का, असं विचारलं. सिव्हिल लाइन्समध्ये सरकारचा जुन्या फोटोंचा संग्रह आहे, तिथून ती आली होती. स्वातंत्र्य मिळाल्यावर पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत सरकारचे फोटोग्राफर देशभर हिंडले, तिनं सांगितलं. धरणं, शाळा, रेशनच्या रांगा, बाजार, माग, जे दिसेल ते त्यांनी टिपलं. मग ती खोकी एका गोदामात पडून राहिली. आता एकेक खोकं उघडून, साफ करून, सगळ्यांना पाहता येईल असं ठेवायचं काम चालू होतं. बहुतेक फोटोंतल्या माणसांची नावं कोणी लिहून ठेवली नव्हती. 'विणकर', 'शेतमजूर स्त्री', 'ग्रामस्थ', एवढंच. पण नागपूरच्या विणकरांच्या एका पाकिटावर नाव होतं, म्हणून ती टिमकीच्या गल्ल्यांतून विचारत विचारत इथवर पोहोचली होती.

तिनं दोन जाड पुठ्ठ्यांमधून फोटो काढला आणि खाटेवर ठेवला. घरातले सगळे त्यावर वाकले.

एक खोली. दारातून आलेलं ऊन जमिनीवर पडलेलं. मागे खड्ड्यातला हातमाग आणि मागावर बसलेला, मिशा फुटलेला जवान माणूस. पुढे जमिनीवर एक बाई, एक गुडघा उभा करून चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसलेली. धागा तुटला असावा, कारण ती मान पार खाली घालून दोन्ही हातांच्या चिमटीत काहीतरी जोडत होती. तोंड दिसतच नव्हतं. दिसत होता तो सरळ भांग, एक कान आणि मानेचा मागचा भाग, ज्यावर नेमकं ऊन पडलं होतं.

"बाबा," भूपेश म्हणाला. मागावरचा माणूस त्यानं क्षणात ओळखला होता. खोलीही ओळखली, कारण ते सगळे त्याच खोलीत उभे होते. माग जाऊन बरीच वर्षं झाली होती, खड्डा बुजवून वर फरशी बसवली होती, तरी त्या जागी पाय पडला की अजून पोकळ आवाज यायचा.

घर तेच. नवरा तोच. पाकिटावर नाव पुष्पलता. मग बाई दुसरी कोण असणार? मयुरीनं लगेच हिशेब केला. फोटो एकोणीसशे एकोणसत्तरचा, आजीचा जन्म आधार कार्डाप्रमाणे एक जानेवारी पन्नास, म्हणजे आजी तेव्हा एकोणीस वर्षांची. बरोब्बर बसलं. आधार कार्डावरची तारीख ताराचंदांनीच अंदाजानं आणि निराधार योजनेच्या दृष्टीनं थोडी मागे ढकलून सांगितली होती, हे मयुरीला कुठून ठाऊक असणार?

पुष्पलताबाईंनी फोटो हातात घेतला. आधी बराच वेळ त्या ताराचंदांकडेच पाहत राहिल्या. केस किती होते या माणसाला. मग त्यांची नजर त्या बाईच्या मानेवर गेली, मानेवरून गळ्याकडे उतरली. काळी पोत होती. पोतीच्या शेजारी काहीच नव्हतं. टाक नव्हता.

असणार कसा? टाक तर तिचाच होता.

"पोहे खाऊन जाय वं," त्या रितिकाला म्हणाल्या आणि फोटो परत पुठ्ठ्यावर ठेवला.

रितिकाला वाटलं, आजी भारावल्यात. बाकीच्यांनाही तसंच वाटलं. पोह्यांवर तर्री घालता घालता हर्षाचे डोळे भरून आले. रितिकानं सांगितलं की पुढच्या महिन्यात निवडक फोटोंचं प्रदर्शन आहे, आणि हा फोटो मोठा करून अगदी दारातच लावायचा आहे. दिवा आजींच्या हातूनच लावू. त्याआधी फक्त एकदा आजींनी ऑफिसात यावं, फोटोतली बाई आपणच असं आपल्या आवाजात सांगावं आणि त्या काळाबद्दल चार शब्द बोलावेत. तेवढं फोटोबरोबर कायमचं राहील. कायमचं, हा शब्द तिनं दोनदा वापरला. निघताना ती पुष्पलताबाईंच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण आशीर्वादाचे शब्द त्यांना नेहमीसारखे सुचले नाहीत.

दुपारपर्यंत तो फोटो समाजाच्या सगळ्या ग्रुपांवर गेला होता. भूपेश तसा मोजकं बोलणारा माणूस, पण त्यानं 'माझी आई देशाच्या इतिहासात' असं लिहिलं, आणि खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. भाजीवालीनं कोथिंबीर वर टाकली. समोरच्या घरातली सून पोरांना घेऊन आली आणि ही पाहा, हीच ती आजी, असं दाखवून गेली. पुष्पलताबाई एरवी अशा वेळी गप्प बसणाऱ्या नव्हत्या. समोरच्या पोरांना त्यांनी चिडवलं असतं, भाजीवालीला म्हणाल्या असत्या की फोटो निघाला म्हणून कोथिंबीर देते, मग सिनेमा निघाला तर हातगाडी देशील का. पण त्या नुसत्या हसल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. हर्षाच्या ते लक्षात आलं. तिनं विचारलंही, बरं नाही का. त्या म्हणाल्या, डोळ्यात पाणी येऊन राहिलं, कमी दिसते.

तांदळाचं ताट पुढ्यात घेतलं की त्यांना एकच ताट आठवायचं.

त्या उमरेडच्या. बापाच्या घरी दोन माग होते. नाव होतं द्वारका, हाक होती द्वारकी. चौथीपर्यंत शाळा झाली, मग कांड्या भरायला बसली. लग्नात नवरीचं नवं नाव ठेवायची वेळ आली, तेव्हा तांदूळ पसरलेलं ताट ताराचंदांसमोर ठेवलं गेलं. त्यांनी अंगठीनं त्यावर नाव काढलं: पुष्पलता. उमरेडच्या बाया खूश झाल्या. केवढं नाजूक नाव. द्वारकेला स्वतःलाही ते फार आवडलं. या माणसानं आपल्याला पाहून हे नाव शोधलं, असं तिला वाटलं, आणि उमरेड ते नागपूर एसटीत ती ते नाव मनातल्या मनात घोळवत आली.

तिसऱ्या दिवशी ती नळावर पाणी भरायला गेली. शेजारची म्हातारी हंडा बाजूला सरकवत म्हणाली, "ही बी पुष्पलताच का वं?"

घरी येऊन तिनं सासूला, बायजाबाईंना, विचारलं. बायजाबाई काही लपवणाऱ्या नव्हत्या. मोठीचं नाव पुष्पलता होतं, म्हणून हिचंही पुष्पलता. घरात आपलंच नाव चालू आहे असं मोठीला वाटलं पाहिजे, म्हणजे तिचा जीव भटकत येत नाही. शिवाय सगळ्यांच्या तोंडाला तीच हाक बसलेली. त्या दिवसापासून मोठीला घरात कोणी नावानं बोललं नाही. नाव दुसरीला दिल्यावर पहिलीला बोलणार कोणत्या नावानं? ती नुसती मोठी झाली. भूपेश जन्मला, मोठा झाला, त्याला मोठी ठाऊक होती, टाक ठाऊक होता. मोठीला नाव होतं आणि ते आपल्या आईचंच होतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही.

ताराचंदांना त्यांनी एकदाच विचारलं होतं. ते मागावर होते, त्या स्वतः चरख्यावर. ताटात ते नाव तुम्ही काहून काढलं? ताराचंद म्हणाले, "मायनं सांगतलं होतं." आणि धोट्याच्या दोन-तीन फेऱ्या झाल्यावर, मान वर न करता, "बोटाले बी सवय होती." त्या उत्तरावर रागवावं की नाही, हे पुष्पलताबाईंना कित्येक वर्षं ठरवता आलं नाही. पुढे त्या रागवायच्या राहूनच गेल्या.

त्या घरात त्यांना कोरं असं काही मिळालं नाही. नवं लुगडं आलं की त्याचा पदर आधी टाकाला लावायचा, मग नेसायचं. आंब्याची पहिली फोड टाकाला, मग तोंडात. भूपेश झाला तेव्हा बायजाबाईंनी बाळाचं कपाळ आधी टाकाला टेकवलं आणि मग त्याला आईच्या मांडीवर दिलं. सुरुवातीला हे सगळं टोचायचं. त्यात बायजाबाईंची जीभ. मोठीचा हात हलका होता, मोठीची कांडी घट्ट भरायची, मोठीनं कधी वरणात मीठ जास्त नाही टाकलं. पुष्पलताबाई चरख्यावर बसून टाकाशी पुटपुटायच्या, तू गेली अन् मले परीक्षेले बसवून गेली वं. हळूहळू ते पुटपुटणं भांडण न राहता गप्पा झालं. पॉवरलूम आले, माग बंद पडला, ताराचंद गांधीबागेत कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर साड्या उलगडायला बसू लागले, पुष्पलताबाईंनी साड्यांना फॉल-पिको करायचं मशीन घेतलं, बायजाबाई गेल्या, ताराचंद गेले. या सगळ्यात ज्या बाईशी त्या रोज बोलल्या, ती ही. आणि तिचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. घरात तिचा एकही फोटो नव्हता. त्यांना ठाऊक होते ते दोन ठिपके आणि एक रेघ.

आजवर प्रत्येक गोष्ट मोठीला लावून त्यांच्याकडे आली. हा फोटो मात्र उलटा आला, मोठीचा असून थेट त्यांच्या हातात.

रविवारी उमरेडहून मनोहरराव आले. ताराचंदांचे चुलतभाऊ. पोरवयात काही वर्षं ते याच घरात राहून विणकाम शिकले होते. मोठीला डोळ्यांनी पाहिलेलं आता तेवढंच एक माणूस उरलं होतं. ग्रुपवरचा फोटो पाहून ते मुद्दाम एसटीनं आले होते. हर्षानं केलेला चहा पिऊन झाला, भूपेश पान आणायला गेला, तेव्हा ते हळूच म्हणाले की वहिनी, ही तर मोठी.

हो, मोठीच, पुष्पलताबाई म्हणाल्या. मग त्यांनी कधीची मनात असलेली गोष्ट विचारली. "कशी दिसे हो ती, भाऊजी?"

मनोहरराव विचारात पडले. चांगली होती, म्हणाले. म्हणजे, चारचौघींसारखी. रंग... रंग असा, मधला. हसायची तेव्हा पदर तोंडात कोंबायची, एवढं पक्कं आठवत होतं. झुणका छान करायची. पण तोंड काही त्यांच्या डोळ्यांपुढे येईना. त्यांनी डोळे मिटून पाहिलं, मोबाइलवरचा फोटो जवळ-लांब धरून पाहिला. शेवटी म्हणाले, तेव्हा आम्ही पोरं, वहिनीच्या तोंडाकडे कशाला पाहू, ताटाकडे पाहत होतो. आणि मग समजुतीच्या सुरात त्यांनी सांगितलं की आता हे काढू नका. भूपेशनं जगभर सांगून ठेवलंय, पोरगं तोंडघशी पडेल. नाव तुमचंच, घर तुमचंच, नवरा तुमचाच. यात खोटं ते काय?

"मोठी काय आता भांडाले येते का?" ते म्हणाले.

पुष्पलताबाई निवडलेल्या तांदळावर बोट फिरवत होत्या. मनोहररावांचं म्हणणं वेडंवाकडं नव्हतं, हे त्यांना दिसत होतं. भूपेशचा चेहरा त्यांनी त्या चार दिवसांत जसा पाहिला, तसा त्याच्या लग्नानंतर पाहिला नव्हता. आपण नुसतं गप्प राहायचं. कोणाचं काही जात नाही.

"नाव मी घेतलं, घर घेतलं, नवरा घेतला," त्या म्हणाल्या. "आता हे बी घेतलं तं तिचं काय राह्यलं, भाऊजी?"

तेवढ्यात भूपेश पान घेऊन आला आणि बोलणं पावसापाण्यावर गेलं.

ऑफिसात जायच्या दिवशी पुष्पलताबाईंनी कपाटातून ताराचंदांनी विणलेली शेवटची साडी काढली, पदर टाकाला लावला आणि नेसल्या. भूपेशनं रजा टाकली होती, शर्टाला कडक इस्त्री होती. मयुरी बरोबर आली, कारण तिला व्हिडिओ काढायचा होता. ऑटोत भूपेश आईला शिकवत होता की जास्त घाबरायचं नाही, विचारतील तेवढंच सांगायचं, आणि बाबांचा उल्लेख करजो. त्या हो हो करत होत्या. रस्त्यात दोनदा त्यांना वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. पण ऑटोवाला हिंदीत फोनवर कोणाशी तरी कडाकडा भांडत होता, आणि त्या गोंगाटात मोठीचं नाव काढणं त्यांना बरं वाटलं नाही.

संग्रहाची खोली गार होती. भूपेशनं लगेच स्वेटर आणायला हवा होता असं म्हटलं. रितिकानं त्यांना लांब टेबलापाशी नेलं, हातमोजे घातले आणि ज्यातून फोटो निघाला ते पाकीट दाखवलं. आत फिल्मच्या पट्ट्या होत्या, पण सगळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. गोदामाच्या भिंतीला लागून वर्षानुवर्षं कूलर चालला होता, रितिका सांगत होती. उन्हाळ्याची उष्णता आणि कूलरची ओल, दोन्ही मिळून असं झालं. वरची एक पट्टी सुटली, तिच्यातून हा फोटो मिळाला. त्याच दिवशी त्याच घरात फोटोग्राफरनं आणखी पाच-सात तरी काढले असणार, पण ते खालच्या पट्ट्यांत आहेत. ओढले तर वरचा थर निघून येईल आणि चित्रच जाईल. त्यामुळे त्या फार हळू सोडवाव्या लागतात. सुटतील की नाही, आज सांगता येत नाही.

"जरीचा धागा गुंतला का आमच्यात बी असंच," पुष्पलताबाई म्हणाल्या. "ओढला का गेला." त्या पट्ट्यांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

मग रितिकानं छोटं यंत्र त्यांच्यासमोर ठेवलं. लाल दिवा लागला. मयुरीनं मोबाइल उचलला. फोटो टेबलावर मधोमध होता.

"आजी, या फोटोत कोण आहे ते तुमच्या शब्दांत सांगा."

"मागावर माझा नवरा हाय. ताराचंद," त्या म्हणाल्या. "चरख्यावर त्याची बायको हाय, पुष्पलता." त्या थांबल्या. "ती मी नोहोय."

भूपेशला आधी वाटलं, आईला प्रश्न कळला नाही. तो खुर्चीतून पुढे वाकला. "आई, काय बोलून राहिली तू?"

"खरं बोलून राहिली. ही मोठी हाय. पाहाय, गळ्यात टाक नाई." त्यांनी आपल्या गळ्यातला टाक दोन बोटांत धरून पुढे केला. "मी आली तवा हा घालूनच आली. एक दिवस बी बिनटाकाची नाई राह्यली."

आणि मग ताटातलं नाव, नळावरची म्हातारी, बायजाबाई, सगळं त्यांनी सांगितलं. घाई न करता, तांदूळ निवडावे तसं. मयुरीचा मोबाइल केव्हा खाली आला, तिचं तिलाच कळलं नाही.

"म्हणजे नाव आधी तिचं होतं?" तिनं विचारलं.

"तिचंच. मले मागून भेटलं."

भूपेशनं खिशातून मोबाइल काढला आणि पुन्हा आत ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. तो ग्रुपवरच्या माणसांची नावं मनात मोजत असणार, हे त्याच्या आईला कळत होतं. शेवटी तो म्हणाला, "आता लोकाले काय सांगू मी?"

"सांगजो का आईले मोठी सापडली."

त्यानं वैतागून मान फिरवली. पण थोड्या वेळानं, कोणाकडे न पाहता, त्यानं विचारलं, "मंग तुझं नाव काय होतं?" पन्नाशी ओलांडलेला माणूस. मामा आईला आयुष्यभर बाई म्हणत आले, म्हणून उमरेडलाही त्याच्या कानावर दुसरं नाव कधी पडलं नव्हतं.

त्या सांगणार, तेवढ्यात रितिकाच्या एका वेगळ्याच अडचणीनं तोच प्रश्न पुन्हा उभा केला. फोटो लागेल, ती म्हणाली, नावही तेच राहील, ते बरोबरच आहे. पण खाली माहिती देणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. तिथे पुष्पलता पौनीकर लिहिलं, तर उद्या पाहणाऱ्याला वाटेल, बाईनं स्वतःच स्वतःची माहिती दिली. पुन्हा तोच घोळ.

"द्वारका," पुष्पलताबाई म्हणाल्या. आवाज जरा बसका निघाला. त्या नावाची सवय राहिली नव्हती. "द्वारका लिही."

"द्वारका," मयुरी स्वतःशीच म्हणाली, तोंडात नवी गोष्ट घ्यावी तशी.

रितिकानं लिहिलं. मग तिनं विचारलं की फोटोतल्या बाईशी नातं काय लिहू. विचारताना ती अडखळली, कारण जो शब्द होता तो तिनं भांडणाच्या गोष्टींतच ऐकला होता. नातेवाईक लिहू का, तिनं सुचवलं.

"सवत लिही," पुष्पलताबाई म्हणाल्या. "तिचं दुसरं कोणी नाई. लेकरू झालं नाई, मायबाप गेले. मीच हाय."

भूपेशनं उठून खिडकीपाशी जाऊन नाक शिंकरलं आणि एसी फार आहे म्हणाला. परत आला तो आईच्या शेजारच्या खुर्चीत बसला, आधी समोर बसला होता. फोटो स्वतःकडे ओढून त्यानं पहिल्यांदाच बापाला सोडून त्या वाकलेल्या बाईकडे नीट पाहिलं.

यंत्राचा दिवा विझला. प्रदर्शनाला तुम्ही यायचंच, दिवा तुमच्याच हातून लागेल, रितिका म्हणत होती, आधी ठरलं होतं त्यात काही बदल नाही. फोटोची एक चांगली प्रत फ्रेम करून घरी पाठवते. आणखी काही हवं का, आजी?

पुष्पलताबाई त्या पाकिटाकडे पाहत होत्या. चिकटलेल्या पट्ट्या रितिकानं पुन्हा आत सरकवल्या होत्या.

"एक कर," त्या म्हणाल्या. "हे बाकीचे फोटो सुटले, अन् त्यातल्या एखाद्यात तिनं मान वर केली असन, तं मले बोलाव. मले तिचं तोंड पाहाचं हाय."